वैशाखातील पाखरे आणि नोंदींची रुजवात

पक्षिनिरीक्षणाचा हंगाम म्हटला की मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे थंडीचे महिने डोळ्यांपुढे येतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण हिमालयापलीकडच्या मुलुखांतून आलेली बदके, तुतवार आणि भोरड्या त्या दिवसांत आपल्या तलावांवर व शिवारांत मुक्कामाला असतात, हवा सुखद असते आणि रविवारच्या पहाटेची रपेट अंगाला मानवते. होळी होऊन उन्हे तापू लागली की दुर्बिणी कपाटात जातात आणि ‘आता काय दिसणार?’ असे म्हणून बहुतेक लोक दिवाळीपर्यंत तो विषय मिटवून टाकतात. पाहुणे गेले म्हणजे घर ओस पडले असे समजण्यासारखेच हे आहे. वास्तविक पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावरच घरच्या माणसांचा संसार नीट दिसू लागतो. आपल्या मुलुखातील कितीतरी पक्ष्यांचे प्रियाराधन, घरबांधणी, अंडी आणि पिलांचे संगोपन ही जीवनातील सर्वांत महत्त्वाची कार्ये चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ या तीन महिन्यांतच उरकली जातात किंवा निदान आरंभिली जातात. आणि नेमक्या त्याच काळात पाहणारा माणूस पंख्याखाली बसलेला असल्यामुळे त्यांच्याविषयीचे आपले ज्ञान तोकडे राहते.

पुण्यातील आमच्या लहानशा मंडळाने म्हणूनच उन्हाळ्याची एक स्वतंत्र वही ठेवली आहे. चैत्रापासून मृगाच्या पावसापर्यंत दर रविवारी पहाटे कोणी वेताळ टेकडीवर, कोणी पाषाणच्या तलावाकडे, कोणी सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यांत, तर कोणी दिवे घाट चढून सासवडच्या बाजूच्या माळांवर जातो. आणि सायंकाळी उन्हे उतरली की सगळे जण एकाच्या गच्चीवर जमून आपापली टिपणे वाचून दाखवतात. मंडळात एक दंतवैद्य आहेत, बँकेतील एक बाई आहेत, नववीत शिकणारी एक मुलगी आहे, आणि हयातभर गावोगावचे दप्तर सांभाळून निवृत्त झालेले एक तलाठी आहेत, ज्यांना आम्ही सगळे तलाठीकाका म्हणतो. या सायंकालीन बैठकीला ‘रुजवात’ हे नाव त्यांनीच दिले. दोन निरनिराळ्या वह्यांतील आकडे परस्परांशी ताडून पाहावयाचे आणि मेळ बसला म्हणजेच ते ग्राह्य धरावयाचे, या सरकारी दप्तरातील जुन्या पद्धतीला रुजवात म्हणतात. आणि पाखरांच्या नोंदींनाही तोच नियम लागू केल्यावाचून त्यांना दस्तऐवजाची योग्यता येत नाही, असे काकांचे म्हणणे. एकट्याने पाहिलेले पाखरू ही आठवण होय. दिवस, वेळ, ठिकाण, संख्या आणि वर्तन यांसह लिहून चार जणांपुढे मांडलेले पाखरू ही नोंद होय. आणि अशा अनेक नोंदींची रुजवात झाली म्हणजे जे हाती येते त्याला ज्ञान म्हणावे, हा आमच्या मंडळाचा एकमेव सिद्धांत आहे आणि तोच या लेखात मला सांगावयाचा आहे.

उन्हाळ्याच्या वहीचे पहिले पान निरोपाचे असते. पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या फुलांतील मधुरस पिऊन पुष्ट झालेले भोरड्यांचे थवे एप्रिलमध्ये मध्य आशियातील गवताळ प्रदेशांकडे, जिथे टोळ आणि नाकतोडे यांच्या सुकाळात त्यांची वीण व्हावयाची असते तिकडे, चालते होतात. नदीकाठच्या खडकांवर शेपटी हलवीत फिरणारे पांढरे धोबी त्याच सुमारास दिसेनासे होतात. येथे नवशिक्या निरीक्षकाला एक अडचण येते. येण्याची तारीख त्या दिवशीच कळते, जाण्याची तारीख मात्र गेल्यानंतर कळते. ज्या दिवशी हंगामातला शेवटचा धोबी दिसतो त्या दिवशी तो शेवटचा आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. पुढचे आठ-दहा दिवस तो दिसला नाही म्हणजे मागे जाऊन वहीत त्याची तारीख शोधावी लागते, आणि ती सापडावी यासाठी, तो रोजच दिसतो म्हणून कंटाळा न करता, रोज त्याची नोंद केलेली असावी लागते. दुर्मिळ पाखराची नोंद कोणीही उत्साहाने करतो. नित्य दिसणाऱ्याची नोंद जो चिकाटीने करतो तोच खरा रोजनामा लिहितो.

परंतु ज्या दिवसांत ओढे आटलेले, गवत वाळलेले आणि जमीन तापलेली असते, त्याच दिवसांत स्थानिक पक्ष्यांनी संसार का मांडावा? याचे पहिले उत्तर प्रकाशात आहे. पुण्याच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस यांत सुमारे दोन तासांचे अंतर असते. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाशसंवेदी पेशी असून कवटीतून झिरपणारा उजेडही त्यांना जाणवतो. दिवस वाढू लागले की त्या संवेदनेमुळे अंतःस्रावी ग्रंथींचे कार्य चालू होते, एरवी आक्रसून राहिलेली प्रजननेंद्रिये वाढतात, आणि थंडीत मुका असलेला दयाळ फाल्गुनाच्या एका पहाटे तारेवर बसून गाऊ लागतो. दुसरे उत्तर अन्नाचे आहे. अंडी घालण्याची वेळ ही आई-बापांच्या सोयीपेक्षा पिलांच्या भुकेशी जुळावी लागते. वैशाखात ज्यांची अंडी उबतात त्यांची पिले वळवाच्या सरींनी आणि मृगाच्या पावसाने किड्यांचा व कोवळ्या गवताचा सुकाळ होतो तेव्हा स्वतः चरू लागतात. आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांना तर पावसाचे लोंढे वाहू लागण्यापूर्वीच आपले काम आटोपावे लागते.

या व्यवहारात पक्ष्यांना मोजावी लागणारी किंमत मात्र लहान नाही. त्यांच्या शरीराचे तापमान मुळातच ४० ते ४२ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि त्यांच्या त्वचेत घर्मग्रंथी नसतात. हवा शरीरापेक्षा थंड आहे तोवर उष्णता आपोआप बाहेर पडत राहते. पण विदर्भात ४५ अंशांच्या दुपारी तो मार्ग बंद होतो आणि श्वासावाटे व ओल्या त्वचेवाटे पाणी वाफेच्या रूपाने दवडून शरीर थंड ठेवणे एवढाच उपाय उरतो. भर दुपारी चोच उघडी टाकून बसलेला कावळा किंवा गळ्याची कातडी भराभर थरथरविणारे कबूतर दिसते ते याच खटपटीत असते. अशा वेळी पाणी हेच जीवन, हे वाक्य पक्ष्यांच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरते, आणि उन्हाळ्यातील निरीक्षणे पाणवठ्यांभोवती का जमतात याचा उलगडा होतो.

माळावरील टिटवीचेच उदाहरण घ्या. उघड्यावर चार खडे इकडेतिकडे सारून केलेल्या उथळ जागेत ती आपली ठिपकेदार अंडी घालते आणि माणूस जवळ येताच आकाशात घिरट्या घालीत टिटिव-टिटिव असा आकांत मांडते. पंचतंत्रात समुद्रावर रुसून बसलेले टिटवीचे जोडपे आपल्याला बालपणीच भेटलेले असते. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, सखल जागी घातली तर ओढीचा, हा आडाखाही खेड्यापाड्यांतून ऐकू येतो. परंतु भर उन्हात ती अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नसून सावली देण्यासाठी असते, आणि मधूनच जवळच्या डबक्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून परत येते व त्या ओलाव्याने अंडी गार करते, हे कळण्यासाठी कोणाला तरी दुपारी बारा वाजता माळावर बसून राहावे लागले. त्याच माळावर डोंबारी नावाचा चिमुकला चंडोल सरळ वर चढून पंख मिटतो, दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकण्यापूर्वी पुन्हा वर उसळतो. ज्याने हे नाव ठेवले त्याने ही कसरत नक्कीच डोळे भरून पाहिली असावी.

याहून विलक्षण कथा पखुर्डीची आहे. कबुतराएवढे, मातीच्या रंगाचे, दगडधोंड्यांत बसले तर दहा पावलांवरूनही न दिसणारे हे पाखरू कोरड्या माळावर बियांवर जगते आणि सकाळी उन्हे चढू लागली की थव्याथव्याने ठरावीक पाणवठ्यावर उतरते. त्याची पिले जन्मतःच चालू लागतात, परंतु त्यांना उडता येत नाही आणि पाणी तर मैलोगणती दूर असते. मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९६ मध्ये, स्वतः पाळलेल्या पखुर्ड्यांवरून, असे लिहिले की या कुळातील नर पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवून घेतो आणि पिले त्या पिसांतून पाणी पितात. ही गोष्ट इतकी अद्भुत होती की पुढे कित्येक दशके अनेक विद्वानांनी तिच्यावर विश्वास ठेवण्याचे नाकारले. अखेर १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या दोघा शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात नर पखुर्ड्यांना पाणी नेताना प्रत्यक्ष पाहून, त्यांच्या पिसांची रचना तपासून, त्या पिसांत पाणी धरून ठेवण्याचे सामर्थ्य असल्याचे दाखवून दिले, आणि सत्तर वर्षांपूर्वीची एका माणसाची नोंद खरी ठरली. नोंद खरी असली तरी दुसऱ्या स्वतंत्र नोंदीशी तिची रुजवात होईपर्यंत तिला थांबावे लागते, आणि थांबण्यासाठी ती आधी कोठेतरी लिहिलेली व छापलेली असावी लागते, या दोन्ही गोष्टींचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

दिवे घाटापलीकडे एका पाझर तलावावर गेली काही वर्षे आम्ही याच पखुर्ड्या मोजीत आहो. गेल्या वैशाखात हे काम नववीतील मुलीकडे होते. ती वडिलांबरोबर पहाटे जाऊन, बाभळीच्या आडोशाला दहा वाजेपर्यंत बसून, उतरणाऱ्या पाखरांची संख्या लिहीत असे. दोन रविवार तिने तीसच्या घरातले आकडे आणले. तिसऱ्या रविवारी तिच्या वहीत ‘पखुर्डी : शून्य’ एवढेच होते, आणि ते वाचताना तिचा स्वर इतका ओशाळला होता की कोणीतरी तिच्या समजुतीसाठी म्हणाले, ‘अगं, नाही दिसल्या तर लिहू नये, सोडून द्यावे.’ त्यावर तलाठीकाका म्हणाले, ‘तसे करू नकोस, बाळ. सातबाऱ्यावर पीक लिहितात तशी पडही लिहावी लागते. पड लिहिली नाही तर पुढच्या माणसाला वाटेल, तलाठी शिवारात गेलाच नव्हता.’ ते शून्य वहीत तसेच राहिले. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन.

माळावर ऊन हेच संकट असते. झाडांवर मात्र उन्हाळ्यात पंगती चाललेल्या असतात. वड, पिंपळ, उंबर ही झाडे एरवी अन्न दुर्मिळ असते अशा दिवसांतही फळांनी लगडतात, आणि एखाद्या फळलेल्या पिंपळाखाली तासभर उभे राहिले की आपला राज्यपक्षी हरियाल, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या आणि तांबट यांची एकाच वेळी गाठ पडते. भर दुपारी, सारे आवाज थांबलेले असताना, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक्‌ टुक्‌ टुक्‌ असा एकसुरी घोष ज्याचा चालू असतो तो तांबट चिमणीपेक्षा थोडाच मोठा असून शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या वठलेल्या फांदीत चोचीने गोल भोक कोरून राहतो. धनेशाची तऱ्हा निराळी. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरून विष्ठा व माती यांनी दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि अंडी व लहान पिले यांसह कित्येक आठवडे त्या कोंडवाड्यात राहते. आत असतानाच तिच्या उड्डाणाच्या पिसांची गळती होऊन नवी पिसे येतात, आणि तोवर उंबरे-पिंपरे गळ्यात साठवून आणून एकेक करून त्या फटीतून भरविणारा नर हाच तिचा एकमेव आधार असतो. रस्तारुंदीत एक जुना वड पडला तर किती जणांच्या ताटातले अन्न आणि डोक्यावरचे छप्पर एका दिवसात जाते, याची जाणीव हा जमाखर्च मांडल्याशिवाय होत नाही.

उन्हाळ्यातील नोंदींत डोळ्यांइतकेच, किंबहुना अधिक, काम कानांना असते. चैत्रात कोकीळ आला, असे आपण सहज म्हणून जातो; परंतु आपल्याकडचा कोकीळ बहुधा कोठे गेलेलाच नसतो. थंडीत तो पानांआड मूकपणे फळे खात असतो आणि विणीचे दिवस आले की त्याला कंठ फुटतो. ‘प्रथम ऐकला’ आणि ‘प्रथम आला’ या दोन नोंदी म्हणूनच वेगळ्या ठेवाव्या लागतात. लोकांच्या समजुतीत कोकिळा गाते. प्रत्यक्षात कुहू कुहू करणारा काळाभोर नर असतो आणि ठिपक्यांची मादी किक्‌-किक्‌-किक्‌ असा तुटक आवाज काढीत कावळ्याच्या घरट्याभोवती दबा धरून असते. कावळा पावसापूर्वी घरटे बांधतो, सबब कोकिळेलाही आपली अंडी त्याच्या घरट्यात सोडण्यासाठी तोच मुहूर्त साधावा लागतो. कोकीळ वसंताचा दूत असेल, पण त्याचे पंचांग कावळ्याच्या हातात आहे.

कोकिळाच्या मागोमाग पावशाचा स्वर लागतो. शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखे रूप धारण केलेले हे पाखरू ज्येष्ठाच्या ढगाळ दिवसांत, आणि चांदण्या रात्रीही, एकेक पट्टी वर चढत जाणाऱ्या स्वरात ओरडत राहते; त्या ओरडण्यात इंग्रजांना मेंदूचा ताप ऐकू आला, आमच्या शेतकऱ्याला ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा कामाचा पुकारा ऐकू आला. याच्याच जवळचा आप्त चातक. मेघदूतापासून आपल्या काव्यात पावसाची वाट पाहत बसलेला हा पक्षी नुसता कविकल्पनेतला नाही. काळ्या-पांढऱ्या रंगाच्या, शेंडी मिरविणाऱ्या चातकांपैकी दक्षिण भारतातले काही बारमाही तेथेच राहतात. पण मध्य आणि उत्तर भारतात दिसणारे चातक पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतात, सातभाईंच्या घरट्यांत निळी अंडी घालतात आणि पावसाळा सरल्यावर परत जातात. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून २००७ मध्ये ‘मायग्रंटवॉच’ नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात देशभरच्या हौशी निरीक्षकांनी आपापल्या गावी स्थलांतरित पक्षी प्रथम केव्हा दिसले हे कळवावयाचे होते, आणि पुढे त्यात चातकाचाही समावेश झाला. एका गावी चातक एके दिवशी आला, या वाक्याला फारसा अर्थ नाही. परंतु शेकडो गावांच्या तारखा नकाशावर मांडल्या की पावसाच्या आगेमागे सरकत जाणारी त्याची वाट उमटू लागते. जे कवीला एका दृष्टिक्षेपात जाणवले त्याचा दाखला मिळविण्यासाठी शेकडो डोळे लागले.

आमच्या वहीतील सर्वांत उत्कंठेचे पान मात्र नवरंगाचे असते. हिरवी पाठ, निळ्या झाकेचे पंख, डोळ्यांवरून जाणारा काळा पट्टा, पिवळसर छाती आणि शेपटीखाली लाल, असे रंग ल्यालेला हा आखूड शेपटीचा पक्षी थंडी दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि मे महिन्याच्या सुमारास विणीसाठी सह्याद्री, मध्य भारत व हिमालयाच्या पायथ्याकडे निघतो. तो रात्री उडतो. आणि पहाटे थकून जेथे उतरतो ते रान नसून कधी मुंबईतील चाळीचा व्हरांडा असतो, कधी पुण्यातील एखाद्या वाड्याचे परस. वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतर ‘आमच्या गॅलरीत एक रंगीत पाखरू धडपडते आहे’ अशी वार्ता कोणा अपरिचिताकडून आली की वर्णन ऐकण्यापूर्वीच आम्ही ओळखतो. अशा पाखराला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात थोडा वेळ निवांत ठेवून सायंकाळी झाडीजवळ मोकळे करावे, बळजबरीने पाणी पाजू नये, आणि जखम असेल तर जाणकाराच्या किंवा वनखात्याच्या स्वाधीन करावे, एवढे सांगणे हे आमचे पहिले काम. आणि तारीख व ठिकाण विचारून घेणे हे दुसरे. त्या गृहस्थाला वाटते की आपल्या घरी एक चमत्कार घडला. वहीला ठाऊक असते की त्याच आठवड्यात तसाच चमत्कार आणखी पाच घरी घडला, आणि ही सहा घरे मिळून एका प्राचीन मार्गावरील सहा मुक्काम आहेत.

नोंदी एकत्र करण्याची ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे ज्यांचे नाव शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे भारतीय पक्षिविज्ञानाचेही एक आद्य पुरुष होत. महसूल, कृषी व व्यापार खात्याचे सचिव म्हणून काम करीत असतानाच त्यांनी देशभर विखुरलेल्या मुलकी व लष्करी अधिकाऱ्यांकडून पक्ष्यांचे नमुने, अंडी आणि टिपणे मागविण्याचा प्रघात पाडला, आणि १८७२ पासून ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक काढून ती छापली. परंतु भारतीय पक्ष्यांवरील ज्या महाग्रंथासाठी ही सारी सिद्धता होती त्याची हस्तलिखिते १८८४ च्या सुमारास सिमल्यातील त्यांच्या घरातून एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. त्या आघाताने ह्यूम यांचे मन या विषयावरून उडाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. एका घरात बंदिस्त राहिलेले लिखाण रद्दीत गेले. इतरांच्या हाती छापून पोहोचलेले लिखाण मात्र आजही वाचता येते. नोंद वाटून घेण्यातच तिचे रक्षण आहे.

पण नोंद खोटी असेल तर? खानदेशातील वनपिंगळ्याचा इतिहास हेच विचारतो. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्ल्यूइट या गृहस्थाला सापडलेल्या या लहानशा घुबडाचे वर्णन ह्यूम यांनीच प्रसिद्ध केले; पुढे खानदेशात डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळविले, आणि १८८४ नंतर ते दिसेनासे झाले. पुढील काळातील एकमेव नमुना रिचर्ड माइनर्टझहागेन या प्रख्यात सेनाधिकाऱ्याच्या संग्रहात होता आणि त्यावर १९१४ ची तारीख व गुजरातेतील मांडवीचे नाव होते. शोध घेणारे साहजिकच तिकडे वळले आणि रिकाम्या हाताने परतले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पामेला रासमुसेन यांनी या संग्रहाची कसून शहानिशा केली तेव्हा निष्पन्न झाले की तो नमुना जुन्या संग्रहातून चोरून, नवे लेबल लावून ठेवलेला होता. खोटी तारीख आणि खोटे गाव बाजूला सारून जुन्या अस्सल नोंदींचा माग काढीत रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पोहोचले, आणि ११३ वर्षांनी वनपिंगळा जिवंत दिसला. डेव्हिडसनची खरी चिठ्ठी शंभर वर्षांनीही कामी आली. माइनर्टझहागेनची खोटी चिठ्ठी शोधणाऱ्यांना चुकीच्या गावी घेऊन गेली. न पाहिलेले पाहिले म्हणणे हा मोह लहान वाटतो, पण त्याची भरपाई अनेकांना करावी लागते.

मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जेथे १९०८ च्या सुमारास एका पीतकंठी चिमणीचे नाव विचारण्यासाठी बालवयातील सलीम अली पायरी चढून गेले, हे दप्तर पुढे चालविले. १९६० मध्ये झफर फतेहअली यांनी मुंबईहून ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ काढून जे संशोधक नव्हते, केवळ डोळसपणे पाहणारे होते, अशांच्या टिपणांनाही हक्काची जागा दिली. आज भ्रमणध्वनीवरील ‘ईबर्ड’सारख्या साधनांनी हेच काम निमिषात होते, आणि त्यातही मूळ पद्धत तीच आहे : किती वेळ पाहिले, किती अंतर चालले, आणि दिसलेली सर्व पाखरे लिहिली की निवडक, हे सांगावयाचे. यादी पूर्ण असेल तर तिच्यात जे नाही त्यालाही अर्थ येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केला असून १७८ जातींच्या संरक्षणाला अग्रक्रम द्यावा असे सांगितले आहे. कोकीळ वाढतो आहे आणि माळरानांवरचे पक्षी घटत आहेत, हे त्यातील दोन निष्कर्ष वाचताना आमच्या वहीतील दोन पाने मोठी करून समोर धरल्यासारखे मला वाटले.

नोंदी वाटून घेण्यालाही मर्यादा आहे, आणि उन्हाळ्यात ती विशेष पाळावी लागते. घरट्याचे नेमके ठिकाण आम्ही कोणालाही सांगत नाही. छायाचित्रासाठी फांद्या बाजूला केल्या की घरटे कावळ्याला आणि उन्हाला उघडे पडते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून नराला समोर बोलावले की पिलांना भरविण्याचा त्याचा वेळ खोट्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात जातो. भर दुपारी टिटवी अंड्यांवरून पंधरा मिनिटे उठून राहिली तरी अंडी करपू शकतात. पाखराचे हित आणि नोंदीचे हित यांत विरोध आला तर नोंद सोडावी.

आता त्या शून्याविषयी. पुढच्या रविवारीही मुलीने शून्यच आणले, आणि या वेळी न ओशाळता वाचले. त्याच बैठकीत दंतवैद्यांनी आपले टिपण काढले : दोन-अडीच कोसांवरच्या दुसऱ्या तळ्यावर, जेथे पूर्वी पाच-सातांवर पखुर्ड्या त्यांना कधी आढळल्या नव्हत्या, लागोपाठ दोन रविवार वीसच्या पुढे उतरल्या होत्या. दोन वह्या शेजारी ठेवल्या, तारखा जुळल्या, आणि तिचे शून्य व त्यांचे वीस ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत हे ध्यानात आले. मुलीच्या वहीत शून्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, जिच्याकडे तोवर कोणी लक्ष दिले नव्हते : ‘तलावात गाळ काढण्याचे यंत्र सकाळी सातपासून चालू.’ पाखरे पिण्यास उतरतात त्याच घटकेला यंत्राची घरघर सुरू होत होती.

तलाठीकाका दोन दिवसांनी त्या गावी गेले. गाळ काढणे गावाच्या हिताचेच होते आणि ते थांबवा असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. त्यांनी चावडीवर बसून केवळ दोन वह्या दाखविल्या आणि सकाळचे काम दहानंतर सुरू करता येईल का, एवढेच विचारले. आढेवेढे न घेता मंडळी राजी झाली. एका वृद्ध मेंढपाळाने तर या पाखरांची पाण्यावर येण्याची वेळ आमच्यापेक्षा अचूक सांगितली. त्यानंतरच्या रविवारी, मृगाला थोडेच दिवस उरले असताना, मुलगी गच्चीवर आली आणि तिने वही उघडून आपली ओळ वाचली : ‘सकाळी ८ वाजून ४० मिनिटे. पखुर्डी : ४. एक नर पाण्यात पोट टेकवून बराच वेळ बसला, मग पश्चिमेकडे उडाला.’ काकांनी तारीख विचारून घेतली, आणि आम्ही ती नोंद उन्हाळ्याच्या वहीत उतरवून घेतली.